गरिबी डोक्यात असते का? ऊसबिलाच्या हिशेबातून एक उत्तर

प्रश्न असा आहे: दोघा भावांना वाटणीत सारखीच दीड-दीड एकर बागायत आली. दहा वर्षांत एकाने घर बांधलं, दुसरा खासगी देण्यात बुडाला. गाव म्हणतं, दुसऱ्याची वृत्तीच दळिद्री. खरंच मानसिकतेचा एवढा वाटा असतो का? आणि असेल तर ती बदलायची कशी?

वाटा असतो. पण वृत्ती वाईट म्हणून गरिबी आली, हे जेवढ्या वेळा खरं असतं त्याहून जास्त वेळा पैशाच्या ओढाताणीने वृत्ती तशी झालेली असते. उपाय कुठून सुरू करायचा हे यावरच ठरतं, म्हणून आधी हे नीट समजून घेऊ.

यावरचा एक गाजलेला अभ्यास ऊस शेतकऱ्यांवरच झाला आहे. तमिळनाडूतल्या ४६४ शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी आणि बिल मिळाल्यानंतर अशा दोन वेळा तर्काची आणि लक्ष एकाग्र करण्याची तीच कोडी दिली गेली. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. माणूस तोच, शेत तेच, पण तोडणीआधी त्याला कोडी कमी सुटली. तोडणीआधी शंभरातल्या ७८ जणांची काही ना काही चीजवस्तू गहाण होती, तोडणीनंतर फक्त चौघांची. डोकं दिवसभर 'आज कोणाला काय सांगून थांबवायचं' यात अडकलं की उरलेल्या विचारासाठी जागाच राहत नाही. अमेरिकेत पगारदारांवर झालेल्या नंतरच्या एका अभ्यासात मात्र पगाराआधी-पगारानंतर असा बुद्धीतला फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. तिथे एवढंच दिसलं की पगाराआधी माणसं पुढच्या जास्त पैशापेक्षा आत्ताचे कमी पैसे पसंत करतात. माझ्या मते महिन्याला येणारा पगार आणि वर्षातून एकदा येणारं बिल यांतला ताण मुळातच वेगळा आहे. पण 'गरिबाची बुद्धी कमी' असा अर्थ यातून कुणी काढू नये. तमिळनाडूचा अभ्यास नेमकं उलटं सांगतो, पैसे आले की तीच बुद्धी पुन्हा मोकळी होते.

दुसरा पुरावा बांगलादेशातला. ब्रॅक संस्थेने खेड्यांतल्या सर्वांत गरीब बायकांना गाई दिल्या, प्रशिक्षण दिलं, आणि त्या कुटुंबांवर ११ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. गाय मिळून ज्यांची एकूण मालमत्ता एका ठरावीक पातळीच्या वर गेली, ती कुटुंबं पुढे चढत गेली. जी त्या पातळीच्या थोडी खाली राहिली, ती हळूहळू परत खाली घसरली. बायका सारख्याच कष्टाळू होत्या, कमी पडलं ते भांडवल. म्हणून दोन भावांची तुलना करताना आधी हे विचारा: कोणाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी होतं? कोणाच्या घरी दवाखान्याचं मोठं बिल झालं? कोणाच्या घरात दुसरी नियमित मिळकत होती? पहिलं कर्ज कोणी कोणत्या दराने काढलं? या चार उत्तरांत बहुतेक फरक सापडतो. त्यानंतर जो उरतो, तो मानसिकतेचा. तो लहान नाही, आणि आपल्या हातात आहे तो तेवढाच.

आता प्रत्यक्ष हिशेब. वर्षातून एक-दोनदा मोठी रक्कम येणाऱ्या घरात सगळा खेळ बिल जमा झाल्यापासूनच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत ठरतो. कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते, पण प्रत्यक्षात ती पुढे-मागे होते, हप्त्यांत येते. म्हणून नियोजन तारखेवर नको, 'जमा झाल्याचा एसएमएस' या घटनेवर बांधा. आणि ते बिल येण्याच्या निदान पंधरा दिवस आधी, कागदावर. हातात पैसे आल्यावर नियोजन करायला बसणं हीच पहिली चूक, कारण तेव्हा प्रत्येक खर्च परवडण्यासारखा वाटतो.

समजा सोसायटीचं पीककर्ज आणि बाकी कपाती जाऊन हातात १,२०,००० रुपये येणार आहेत. पुढचं बिल वर्षाने. बाहेरचं खासगी देणं ५०,००० रुपये, शेकडा पाच महिना. बहुतेक घरांत काय होतं? पहिल्या आठवड्यात सावकाराचे सगळे ५०,००० देऊन टाकतात, मोकळं वाटतं. गाडीचं काम, कपडे, पै-पाहुण्यांचं देणंघेणं यांत ३०,००० जातात. उरलेल्या ४०,००० वर घर चार-पाच महिने चालतं. मग खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) खताचा दुसरा डोस येतो, नेमका तेव्हाच हात रिकामा. पुन्हा त्याच दारात, त्याच दराने.

याऐवजी मी अशी विभागणी सुचवीन. ३०,००० सावकाराच्या मुद्दलात. १८,००० खताला, आणि ते लगेच, दुसऱ्या डोसाचं खतही आत्ताच उचलून किंवा सोसायटीत आगाऊ भरून. १२,००० आजारपणासाठी वेगळे. राहिलेले ६०,००० दर महिन्याच्या १ तारखेला ५,००० याप्रमाणे घराला पगार म्हणून. अंकगणित म्हणेल, साठ टक्के व्याजाचं कर्ज आधी पूर्ण फेडा. कागदावर ते बरोबर आहे. पण आजारपणाला एक रुपयाही न ठेवता सगळं कर्ज फेडलं, की दोन महिन्यांत मुलाला ताप आला तरी पुन्हा कर्ज काढावं लागतं. पैशाचं नुकसान तर होतंच, त्याहून वाईट म्हणजे माणूस मनात म्हणतो, 'आपल्याला हे जमायचंच नाही.' तीन-चारदा असं झालं की तो हिशेब ठेवणंच सोडतो. लोक ज्याला दळिद्री वृत्ती म्हणतात ती बऱ्याचदा अशी तयार होते, मोडलेल्या नियोजनांतून. म्हणून कर्ज असतानाही लहानशी शिल्लक बाजूला हवीच.

सावकाराचे राहिलेले २०,००० बदली कर्जाने हलके करता येतात. बचत गटातून महिना दोन टक्क्याने मिळाले तर महिन्याचं व्याज १,००० ऐवजी ४०० होतं, आणि तेही गटातच राहतं. हे व्याज आणि मुद्दलाचा हप्ता दुधाच्या बिलातून काढा. दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल रकमेने लहान असतं, पण मनाला जो दिलासा देतं तो उसाच्या मोठ्या बिलात नसतो. ज्या घरात मिळकत वारंवार येते त्या घरातले निर्णय कमी घाईचे असतात. एखादी म्हैस, शिवणकाम, आठवडी बाजारात भाजी, यांतलं काहीही बघताना 'वर्षाला किती मिळेल' याइतकाच 'किती वेळा मिळेल' हाही प्रश्न विचारा.

खत आधी घ्या, असं मी म्हणतो त्यामागे केनियातला एक प्रयोग आहे. तिथल्या शेतकऱ्यांना खत वापरायचं असायचं, पण हंगाम येईपर्यंत पैसे संपलेले असायचे. सुगी झाल्याबरोबर, हातात पैसे असताना त्यांच्या दारात जाऊन 'आत्ता घेतलंत तर घरपोच फुकट' एवढीच सवलत दिली, तर खताचा वापर जवळपास निम्म्या किमतीच्या अनुदानाइतका वाढला. त्यांना शेतीचं शिक्षण दिलं नव्हतं, वृत्तीवर प्रवचनही केलं नव्हतं. फक्त खरेदीची वेळ बदलली. आपल्याकडे खोडव्याला पहिला डोस तोडणीनंतर १५ दिवसांत आणि दुसरा साधारण साडेचार महिन्यांनी पहारीने देतात. दुसऱ्याचे पैसे मागे राहणार नाहीत, हे गृहीत धरूनच चाला. युरिया मात्र ओल नसलेल्या जागी, फळीवर रचा. भिंतीला टेकलेली पोती पावसाळ्यात दगडासारखी होतात.

'घराचा पगार' प्रत्यक्षात कसा काढायचा? दोन खाती लागतात. बिल जमा होतं त्या खात्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्ड असेल तर ते घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. बँकेत जाऊन स्थायी सूचना लिहून द्या, दर महिन्याच्या १ तारखेला ५,००० रुपये दुसऱ्या खात्यात. फॉर्म एका पानाचा असतो. रोजचा व्यवहार फक्त दुसऱ्या खात्यातून. आजारपणाचे १२,००० मुदत ठेवीत टाका, एकच मोठी ठेव न करता चार-चार हजारांच्या तीन पावत्या करा. गरज चार हजारांची असताना बारा मोडावे लागत नाहीत. ठेव शक्यतो बँकेत. बँकेतल्या ठेवीला, जिल्हा बँक आणि नागरी सहकारी बँकेसुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, तिथला व्याजदर अर्धा-एक टक्का जास्त असला तरी हे लक्षात ठेवा.

ही रचना मोडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे हातउसने. बिल झालं हे अख्ख्या गावाला कळतं आणि पहिल्या आठवड्यात तीन-चार माणसं येतात. नाही म्हणणं जड जातं, आणि ते स्वाभाविक आहे. उद्या आपल्यालाही त्यांच्याच दारात जायचं असतं. यासाठी विभागणीतच एक रक्कम आधी ठरवा, दोन-तीन हजार, जी परत आली नाही तरी चालेल. ती संपली की 'बाकीचे खतात आणि ठेवीत अडकलेत' हे सांगा. ते खरंच अडकलेले असतील तर सांगताना जीभ अडखळत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे सोसायटीचं नवं-जुनं. पीककर्ज मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं, म्हणून अनेक जण चार-आठ दिवसांसाठी बाहेरून पैसे घेऊन भरतात आणि पुन्हा उचलतात. आठ दिवसांना शेकडा दोन टक्के दिले तर एक लाखाला २,००० रुपये गेले. शून्य टक्क्याचं कर्ज असं दोन टक्क्याचं होतं, आणि मुद्दल तर जागचं हलतच नाही. दरवर्षी मुद्दलातले दहा हजार तरी स्वतःचे भरा आणि उरलेल्याचंच नवं-जुनं करा.

आता मनाकडे येऊ. माझ्या अंदाजाने सर्वांत महाग पडणारी भावना म्हणजे लाज. घरात पाच तोळे सोनं असताना माणूस शेकडा पाचने पैसे काढतो, कारण बँकेत दागिना ठेवला तर लोक काय म्हणतील. ५०,००० रुपयांना सावकाराचं महिन्याचं व्याज २,५००. बँकेच्या सोनेतारण कर्जाला महिना साधारण एक टक्का धरला तर ५००. म्हणजे चार माणसांच्या न बोललेल्या बोलण्यापायी महिन्याला २,००० रुपये, वर्षाला २४,०००. हा आकडा कागदावर लिहून नवरा-बायको दोघांनी बघितला की बहुतेकांचा निर्णय तिथेच बदलतो.

याच लाजेपोटी कर्ज घरात लपवलं जातं. नवऱ्याने ॲपवरून घेतलेलं बायकोला माहीत नसतं, बायकोने दोन गटांतून आणि एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून उचललेलं नवऱ्याला माहीत नसतं. मग दोघंही आपापल्या परीने बरोबर वागतात आणि घर बुडतं. यासाठी एक वही करा, पाच रकाने: कोणाचं, मुद्दल किती, महिन्याला शेकडा किती, पुढची तारीख, तारण काय. किराणा दुकानाची उधारी आणि भिशीचे राहिलेले हप्तेही त्यात लिहा. भिशी आधी उचलली असेल तर ते कर्जच आहे. काही सुटतंय असं वाटलं तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. मायक्रोफायनान्सच्या नोंदी बघायला क्रिफचा अहवाल बघाच. महिन्यातला एक वार ठरवून अर्धा तास दोघांनी ही वही वाचायची. पहिल्या बैठकीत 'हे कशाला घेतलंस' हा प्रश्न विचारायचा नाही, एवढा एकच नियम. तो विचारला की दुसऱ्या बैठकीला वहीत खरं लिहिलं जात नाही.

हप्ता बघून कर्ज घेणं ही दुसरी सवय. 'महिना ५,१६७ फक्त, जमेल की.' एक लाखाचं दोन वर्षांचं कर्ज, १२ टक्के फ्लॅट दराने. फ्लॅट म्हणजे मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या एक लाखावरच. त्याचा खरा घटत्या शिलकीचा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. कर्ज घेताना विचारायचं ते एवढंच: हातात नेमके किती पडणार, आणि सगळे हप्ते मिळून किती जाणार? प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून लाखाचे ९६,००० हातात येत असतील तर हिशेब ९६,००० वरच करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. ही मर्यादा कर्ज देणाऱ्यावर आहे. घेणाऱ्याने एक तृतीयांशावरच थांबावं, कारण शेतीच्या घरात महिन्याचं उत्पन्न हा मुळात अंदाजच असतो.

नशिबाचं काय? 'आपल्या नशिबी नाही' असं म्हणणाऱ्याला भाषणाने फरक पडत नाही, यशस्वी उद्योगपतीच्या गोष्टीने तर नाहीच. इथिओपियात खेडुतांना त्यांच्याचसारख्या घरांतून पुढे आलेल्या माणसांच्या साध्या चित्रफिती दाखवल्या, तर सहा महिन्यांनी त्यांची बचत आणि मुलांच्या शिक्षणावरचा खर्च वाढलेला दिसला. त्यातली माणसं ओळखीची वाटण्यासारखी होती, म्हणून ते झालं. शेजारच्या वाडीत दीड एकरातच कर्जातून बाहेर आलेलं एखादं घर असतंच. त्याच्याकडे जाऊन त्याने पहिल्या वर्षी काय केलं, एवढंच विचारा. आज त्याच्याकडे काय आहे, यातून काही शिकायला मिळत नाही. बचत गट चालतो तोही याच कारणाने. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री आर्थिक शिस्तीची म्हणून सांगतात, पण तिचं मोठं काम असं की आपल्यासारख्याच दहा-बारा बायका हप्ता फेडताना दर बैठकीला दिसतात. ज्या गटात वही सचिवाच्या घरीच राहते आणि बैठकीत मोठ्याने वाचली जात नाही, तिथे मात्र हा परिणाम वर्षभरात विरतो.

आणि मानसिकतेचा दोष फक्त गरिबाच्या माथी मारू नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांमध्ये) व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला, माणशी सरासरी सुमारे २ लाखांचा. तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक तरीही खेळतच राहिले. गेलेले पैसे तिथूनच परत काढायची ही जिद्द बुडत्या घरात फार वेगाने शिरते, कारण कर्जदाराला एका फटक्यात सुटायचं असतं. खासगी कर्ज असताना शेअर, लॉटरी, 'दुप्पट करून देतो' योजना, सगळं बंद. शेकडा पाचचं कर्ज फेडणं म्हणजे वर्षाला साठ टक्के खात्रीचा परतावा. एवढा कुठल्याही बाजारात मिळत नाही.

ज्या घरात देणं वर्षाच्या निव्वळ मिळकतीच्या दुपटीपलीकडे गेलंय, तिथे वर सांगितलेली शिस्त पुरत नाही. तिथे बोलणी करावी लागतात: बँकेत कर्जाची पुनर्रचना किंवा एकरकमी तडजोड, आणि सावकार विनापरवाना असेल, त्याने जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज. दिलेल्या रकमांचे पुरावे, साक्षीदार, खरेदीखताची नक्कल सोबत जोडा. वसुलीवाल्याने घरी येऊन दमदाटी केली तर तारीख, वेळ आणि नाव त्याच वहीत लिहा. मायक्रोफायनान्सच्या माणसाला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही. झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर हिशेबाची वही बाजूला ठेवून आधी घरातल्या माणसाशी बोला आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीतून, फुकट, कोणत्याही वेळी बोलता येतं.

बाकीच्यांनी पहिलं वर्ष दोनच गोष्टी मोजाव्यात: खासगी देण्याचं मुद्दल गेल्या तीन महिन्यांत कमी झालं का, आणि १ तारखेचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरला का. पगार सलग दोन महिने पुरला नाही तर स्वतःला दोष देऊ नका. रक्कम ५,००० वरून ५,५०० करा आणि खत सोडून बाकी कुठे कपात करायची ते पुढच्या बैठकीत ठरवा.